उतार

आर्विड सोल्बर्ग, वय एक्क्याऐंशी.
सकाळपासून अकरा खांब.
हात कापतो, पडद्यावर खांब मात्र ताठ;
मग तो पुन्हा धरून जरासा कलवतो,
कारण मोंटानातल्या त्या बोगद्यापाशी
तो कललेलाच होता.

लाइन बंद पडली तेव्हा
ही तार यानंच कापली.
तांबं पौंडाच्या भावानं गेलं,
मजुरी चोख मिळाली.

आता जोडतोय, फुकट.

घाट उतरताना गाडी इथं
वीज परत तारेत सोडायची,
समोरून चढणारीसाठी.
हे सिम्युलेटरला पटत नाही.
काटा शून्यावर अडतो,
महिनाभर.

रात्री दोनला
काटा शून्याच्या मागं सरकला,
केसभर.

आर्विड ब्रेक सोडत नाही.
न जाणो,
पलीकडून कुणी चढत असेल.