चौदा ऑगस्ट, धडगाव

तहसीलच्या आवारात दोरी अडकली.
उद्या आठला झेंडा, आज पाचला कप्पीत गुंता,
आणि शिपाई म्हणतो, मला चक्कर येते साहेब,
मागच्या वर्षीही आली होती.

मी कारकून. वनदाव्यांचं टेबल.
अमळनेरहून येऊन सहा वर्षं झाली,
अजून घाटात मळमळतं,
अजून सातपुड्याकडे पाठ करून बसतो,
समोर बसलं की ऊन डोळ्यांत जातं म्हणून.
असं मी सांगतो.

फायली मात्र पाठ आहेत.
सायसिंग दाजला पावरा, तीन एकर दहा गुंठे,
सोबत जोडलेल्या दंडाच्या पावत्या:
एकोणीसशे एक्क्याऐंशी, अतिक्रमण, रुपये पंधरा.
ज्या कागदानं त्याच्या बापाला चोर ठरवलं
तोच कागद आता साक्ष देतो
की बाप तिथंच होता, नांगर धरून.
मी लाल पेनानं शेरा मारला: पावती अस्पष्ट.
अस्पष्ट नव्हती.
त्या महिन्यात किती परत पाठवायचे, तो आकडा वरून आला होता.

सायसिंग आजही पायरीवर होता.
मांडीवर आमचुराची पिशवी.
मी दर वर्षी नको म्हणतो, दर वर्षी घेतो.
आमच्या वरणाचा आंबटपणा
त्याच्या परत पाठवलेल्या बांधावरचा आहे,
हे बायकोला सांगितलेलं नाही.

त्यानं वर पाहिलं. कोणी सांगितलं नव्हतं.
चपला काढल्या, जोडीनं पायरीखाली सारल्या,
आणि त्या ओल्या लोखंडी पाइपवर
ताडावर चढावं तसा चढत गेला.
खाली आम्ही तिघं हात पसरून,
झेलणार होतो की काय, कोण जाणे.

कप्पीपाशी तो थांबला.
दोरी सुटल्यावरही थांबलाच.
मी ओरडलो, काय दिसतंय रे?
वावर, म्हणाला.
मग जरा वेळानं: नाही, ढग आहे.
पण तिकडंच आहे.

लहानपणी प्रभातफेरीत
घसा बसेस्तोवर घोषणा द्यायचो मी.
आई ओट्यावरून म्हणायची,
धीरे रे पोऱ्या, देस काय बहिरा शे?
आई, आता मी त्याच्या कानातच बसतो, दहा ते सहा.
बहिरा नाही.
सगळं ऐकू येतं त्याला,
आवक नोंदवहीत तारखेसकट येतं.

खाली उतरून सायसिंगनं तळवे पुसले, धोतराला.
माझा कागद?
उद्या सुट्टी आहे, म्हणालो.
कसली, असं त्यानं विचारलं नाही.
मी मात्र वाट पाहिली.

रात्री झेंडा बांधला. ते काम माझं.
घडी, घडीत झेंडूच्या पाकळ्या,
एका हिसक्यात सुटेल अशी गाठ.
माझी गाठ आजवर कधी अडकलेली नाही,
एवढंच काय ते मला नीट येतं.

आणि सकाळी ती सुटली.
एक पाकळी मोठ्या साहेबांच्या टोपीवर बसली,
कोणी काढली नाही.
राष्ट्रगीताच्या दुसऱ्याच ओळीला माझा गळा दाटला.
दर वर्षी दाटतो. वाटलं होतं, यंदा नाही दाटायचा.
रागच आला मला त्याचा.
हा गळा कुणाचा, आणि तो लाल पेन कुणाचा,
आणि दोन्ही एकाच खिशापाशी कसे?

जिलेबी वाटून झाल्यावर कुलूप काढलं.
बंद खोलीत आमचुराचा वास कोंडला होता,
पिशवी टेबलाखालीच राहिली होती.
फाईल काढली.
लाल शाई खोडता येत नाही, नियमच आहे तसा.
शेजारी पेन्सिलीनं लिहिलं: वाचता येते.
बारीक अक्षरात.
सही केली नाही.
बाहेर पोरं अजून ओरडत होती,
कुणाला ऐकू जावं म्हणून, कोण जाणे,
आणि मी खिडकीकडे तोंड करून
बराच वेळ उभा होतो.
ढग होते.