आकडा

अकरा केव्हीच्या लाइनला मोहाची फांदी लागत होती.
परमिट घेतलं, सप्लाय बंद, शिडी लावली.
कोयत्याच्या चौथ्या घावाला फांदी खाली
आणि फांदीवर बसलेलं हे झेंगट.

मी म्हटलं, बांडगूळ.
सोळा वर्षं आकडे काढतोय मी मोहझरी फिडरवर,
कोणाच्या तारेवर कोण जगतंय
ते मला खालूनच कळतं.

मोहफुलं वेचणारी सुकमाबाई नैताम
टोपली खाली न ठेवताच बोलली,
"बांडगूळ नोहे जी, रास्ना होय थे.
झाडाचं काई खात नाई. बसते फक्त."

तपासलं. सवयच तशी.
पेन्सिलीएवढ्या जाड मुळ्या सालीला कवळून,
पण आत एकही नाही.
नखानं उचलली की सुटते,
खाली मोहाचं अंग कोरं, भोक नाही, टाका नाही.
बाकीच्या मुळ्या तर वाऱ्यावरच लोंबत होत्या,
राखेच्या रंगाच्या, कशालाच न जोडलेल्या.
एकीवर बाटलीतलं पाणी ओतलं.
पापणी लवायच्या आत
राख हिरवी झाली.

घरच्या निंबाच्या बेचक्यात
वायरीच्या सालपटानं बांधली तिला.
बायको म्हणाली, मातीत तरी लाव.
माती दिली असती तर मेली असती.

वैशाखात कौलं तडकतात तेव्हाही ती तशीच,
मधोमध मुडपलेली पानं, टोकं उंदरानं कुरतडल्यासारखी.
आम्रपाली ब्रम्हपुरीला बीएस्सीला आहे. ती म्हणते,
दिवसा ही तोंड मिटून असते, बाबा,
श्वास रात्री घेते.
रात्री फ्यूज उडाला की मीही खांबावर असतो.
आता टॉर्च आधी निंबावर मारतो, मग बाहेर पडतो.

दुसऱ्या चैत्रात दांडा आला.
सहा फुलं. मागून पांढरी,
पुढून पिवळट, त्यावर तपकिरी चौकटी,
सासऱ्याच्या लुंगीचं कापड हुबेहूब.
मधे जांभळा ओठ.
काळा भुंगा आला, घुसला, बाहेर पडला
तेव्हा त्याच्या कपाळावर दोन पिवळे दाणे चिकटलेले.
हे दुसऱ्या झाडाच्या फुलात पोचले तर उपयोग, आम्रपाली म्हणाली.

भुंगा लाइनीच्या दिशेनं गेला.
मी तिथेच बसून राहिलो.
त्या लाइनीखालची सोळा वर्षांची फांदीन् फांदी
माझ्या हातची.
किती झेंगटं पडली असतील,
चुलीत गेली असतील, ट्रॅक्टरखाली.
यादीत फांद्या लिहितात. त्यांच्यावर काय होतं ते कोण लिहितं?

पाच फुलं वाळून गळली.
सहाव्याचा देठ फुगला.
म्हणजे कुठेतरी आणखी एक आहे,
माझी शिडी न पोचलेली.

शेंग पुढच्या होळीला उकलली. आत बी नाही, पिठी.
एवढ्याशा बियेजवळ शिदोरी कुठली,
एक बुरशी येऊन भरवते तेव्हा रुजते म्हणे.
मी म्हटलं, सापडला आकडा!
आम्रपाली हसली नाही.
मग बुरशीला काय मिळतं, विचारलं.
"ते अजून नीट कळलेलं नाही, बाबा."

सुकमाबाईला शेंग दाखवली.
तिनं फुंकर मारली.
तिचं गुडघ्याचं औषध संपलंय,
मूळ मागत होती थोडंसं.
दिलं.
यंदाची यादी आली आहे, सत्तावीस झाडं.
कोयत्याला धार लावलेली नाही अजून.