अडीच बोटं

लोकांनी त्याचा चेहरा पाहिला,
आमच्या घरानं पाय.
उजवा सरळ, डावा किंचित आखूड,
करंगळीवर कुरूप.
आबांनी वहीच्या पानावर त्याला उभा करून
भोवतीनं पेन्सिल फिरवली होती,
ते पान अजून आहे.
खाली नाव : केरबा दत्तू सुतार, कागल.
तेव्हा नट नव्हता.
स्टुडिओत सेटच्या फळ्या ठोकायचा.

मग कुणा डायरेक्टरनं त्याला तोंडात खिळे धरून हसताना पाहिलं,
आणि महिन्याभरात मंगळवार पेठेतल्या भिंतीवर
हातभर अक्षरांचा ओला रंग ओघळत होता :
कुमार रत्नदीप.

अडचण एकच. हिरॉईन उंच होती.
कॅमेरामन म्हणाला, बाईंना खड्ड्यात उभं करू.
बाई म्हणाल्या, ह्यांनाच चढवा की.

रात्री साडेदहाला पापाच्या तिकटीला
आमच्या दुकानाची फळी वाजली.
"बूट चालत न्हाईत आबा, मावळा हाय मी.
पायतानच पायजे. पण जरा..."
आणि त्यानं बोटं आडवी धरली.
दोन.
मग थोडा विचार करून, अर्धं.

आता पायतान म्हणजे भुईला चिकटलेली वस्तू.
कान, पट्टा, अंगठा, वेणी, सगळं उघडं.
त्यात माणसाचं उणेपण दडवायचं कुठं?
आबा तीन रात्री बसले.
म्हशीच्या कातड्याचे थर, मध्ये पांगाऱ्याचं हलकं लाकूड,
आणि कडेला मातकट रंग,
म्हणजे कॅमेऱ्याला वाटावं, जमीनच आहे.
विंचू मात्र घातले नाहीत.
पायतान करकरलं की साउंडवाला ओरडायचा.
म्हणून तर अख्ख्या कोल्हापुरात
तो एकटा पडद्यावर चालायचा मुक्यानं.

बावीस वर्षं. चोपन्न जोड.
मी नऊ वर्षांची असल्यापासून तळांना मेण चोळलं.
गुंडाळायला रद्दी घ्यावी तर रद्दीतही तोच;
त्याच्याच हसण्यात त्याची पायतानं बांधून
सायकलवरून पोचवायचे.
थिएटरात बाकीच्या बायका त्याच्या डोळ्यांत बुडालेल्या,
मी पडद्याची खालची कड धरून बसलेली.
पाय काही दिसायचे नाहीत.
फ्रेम नेहमी गुडघ्यापाशी कापलेली.

पंचवीस आठवडे झाले त्या रात्री पेढे घेऊन आला.
"लोकांना म्हनं सर्ग दोन बोटं उरतो.
तुम्ही अडीच दिलीसा.
अर्धं बोट वर निघालो की ओ!"
आबा हसले नाहीत. म्हणाले, उतरताना बघून.

मुंबईला गेला. तिथं कुणी चार बोटांचे बूट दिले.
जिन्यावरून उतरताना घोटा गेला तो गेलाच.
परत आला तेव्हा इकडं रंगीत आलं होतं,
स्टुडिओच्या आवारात कडबा रचलेला.
मग नायकाचा बाप झाला.
मग जज्ज.
जज्ज बसलेला असतो, त्याला उंची लागत नाही.

आबा गेले त्याच्या पुढच्या पावसाळ्यानंतर,
दुपारी, उन्हाचं, रिक्षातून उतरला.
गिऱ्हाइकं होती. कुणी वळून बघितलं नाही.
मी नवीन पान काढलं, पेन्सिल फिरवली.
पाऊल पसरलं होतं, जुन्या रेघेत मावत नव्हतं.
"किती ठेवू?" मी बोटं आडवी धरली.
त्यानं एकेक करून ती मिटवली.
"सपाट कर पोरी. एकेरी.
आणि हे बघ,
विंचू घाल. हाईत तेवढं घाल."

आठ दिवसांनी घालून गेला.
मी पुढच्या गिऱ्हाइकाचं माप घ्यायचं विसरून उभी.
गर्दीत तो दिसेनासा झाला, बुटका माणूस,
पण तिकटीच्या वळणापर्यंत,
आणि वळणाच्या पलीकडंही जरा वेळ,
कर्र, कर्र,
डावा पाय किंचित मागं राहून,
कर्र.