अक्षरलेखन : माहीत नाही

तळघरात एकतीस खोकी.
बंदराजवळच्या न्हाव्याने, रामोन तिसेराने,
दुकान मिटताना वाचनालयाला दिलेली.
अंकांच्या पानांत अजून केस सापडतात,
बारीक, कुणाकुणाचे.
त्यांच्यासाठी रकाना नाही.

रकाने आहेत ते असे :
कथेचं नाव. नसेल तर पहिल्या फुग्यातलं पहिलं वाक्य.
पानं. पात्रं. प्रकार.
घोडा असला तर गवताळ रानातलं साहस,
पाणबुडी असली तर युद्ध,
चुंबन शेवटच्या चौकटीत असलं तर प्रेमकथा,
पहिल्याच चौकटीत असलं तर गुन्हेगारी.
दिवसाला चौदा अंक होतात माझे.

पण अंक दोनशे अकरा, पान सत्तावीस :
एक माणूस आठ पानं बसची वाट पाहतो.
बस येत नाही. तो कॉलर वर करतो. संपलं.
मी ‘विनोदी’ लिहिलं, खोडलं.
‘भय’ लिहिलं, खोडलं.
बेनिग्नो म्हणाला, ‘वाहतूक’ लिही आणि जेवायला चल.

मग माणसं. कथा कुणाची, पेन्सिल कुणाची,
शाई कुणी फिरवली.
यांच्या सह्या असतात कोपऱ्यात, दगडाखाली, गाडीच्या नंबरावर.
फुग्यांतली अक्षरं काढणाऱ्याची कधीच नसते.
तिथे मी लिहिते : माहीत नाही.
इतक्यांदा लिहिलंय की हाताला
त्या दोन शब्दांचं वेगळं वळण लागलंय.

ऑगस्टात, दक्षिणेचा वारा
बाहिया ब्लांकाची दारं आपटत होता त्या आठवड्यात,
ओतिलिया ब्रुस्को पेन्शनच्या कागदाची झेरॉक्स काढायला आली.
मशीन खाली, माझ्या टेबलाशेजारी.
मशीन तापेपर्यंत ती उघड्या पानाकडे बघत राहिली.
मग बोट ठेवलं.
हा एर्रे माझा, म्हणाली.
याचा पाय बघ, उंबऱ्याबाहेर टाकल्यासारखा.
शाळेत बाईंनी फार छड्या मारल्या त्या पायासाठी.

गुरुवारच्या गाडीने राजधानीतून पानं यायची, फुगे कोरे,
सोमवारच्या गाडीने भरून परत.
स्वयंपाकघरातलं टेबल, मेणकापड उलटं घालून.
फुग्यामागे पैसे. चार फुग्यांचा एक पाव.
लांबलचक बोलणारे खलनायक त्यामुळे तिला आवडायचे.

सगळं तुम्हीच?
छे. ओरडणं सगळं एल्विराचं, धाकटीचं.
किंकाळ्या, बंदुका, ‘थांब!’, धडाम.
दाबून लिहायची, निबं मोडायची.
कुजबुज तेवढी माझी.
सत्त्याहत्तरच्या मे महिन्यानंतर
ओरडायचंही मलाच आलं.

मशीन तापलं. हिरवा दिवा लागला.
तिने झेरॉक्सचे सुटे पैसे मोजून ठेवले,
मी नको म्हणाले तरी.

त्या रात्री मी खोकी परत उघडली.
भिंग घेऊन, क्रमाने.
अंक दोनशे सहापर्यंत आरोळ्या चौकटीबाहेर जातात,
उद्गारचिन्हांचे ठिपके कागदात रुतलेले,
मागून बोट फिरवलं तर लागतात.
दोनशे सातमध्ये एक गडी कड्यावरून पडतोय,
पडता पडता ओरडतोय,
नीट, एका ओळीत,
शेजारी कुणी झोपलंय तसं.
त्यातल्या एर्रेचा पाय उंबऱ्याबाहेर.

सहाशे बारा नोंदी दुरुस्त केल्या.
अक्षरलेखन : ओतिलिया ब्रुस्को; एल्विरा ब्रुस्को (आरोळ्या).
मग पुढे : ओतिलिया ब्रुस्को.
‘कधीपर्यंत’ला रकाना आहे. ‘का’ला नाही.

पुढच्या महिन्यात ती परत आली, या वेळी विजेचं बिल.
मी तिच्यासमोर दोनशे अकरा धरला.
आठ पानांत एकच फुगा,
त्यात तीन टिंबं.
ही कुणाची?
तिने चष्मा काढला, पुसला, घातला.
टिंबं कुणाचीही असतात गं, म्हणाली,
आणि बिल मशीनवर पालथं ठेवलं.

प्रकाराचा रकाना अजून कोराच आहे.
बेनिग्नो हल्ली विचारत नाही.