आयांसाठी माती

फैजपूरच्या रस्त्याला, वीटभट्टीच्या मागे,
हिरव्या जाळीखाली माझ्या सत्तर आया.
शेवंतीच्या. पिवळ्या, पांढऱ्या, आणि एक तांबूस जात
जिचं नाव विकणाऱ्यालाही धड सांगता आलं नव्हतं.

यांना फुलू द्यायचं नसतं.
रात्री दहा ते दोन डोक्यावर दिवे लावायचे
म्हणजे त्यांना वाटतं, दिवस अजून मोठाच आहे.
बारा दिवसांनी शेंडे घ्यायचे, ब्लेड डेटॉलात बुडवून.
शेंडे ट्रेमध्ये मूळ धरतात, मग टेम्पोत बसून
सावदा, चोपडा, पार बऱ्हाणपूर.
दसऱ्याला कुठेतरी त्या फुलतात.
कुठे, ते आया विचारत नाहीत. मीही नाही.

यंदा फेब्रुवारीत कुंड्या बदलायला काढल्या.
ओट्यावर चार घमेली.

पहिल्यात आमच्या खालच्या वावरातली काळी.
मुठीत दाबली की गोळा, आणि गोळा सुटत नाही.
जुम्माभाऊ तडवी पायानं घमेलं सरकवत म्हणाला,
"काई वावरात चांगली. कुंडीत उन्हायात तडकीन,
अन् मुया तोडीन."
मी काही बोलले नाही. नखात ती तशीच राहिली दिवसभर.

दुसऱ्यात तापीचा गाळ, चाळलेला, पिठासारखा.
एकदा पाणी घातलं की वर पापडी धरतो
आणि पुढचं पाणी कडेकडेनं निघून जातं,
लग्नात न ओळखणाऱ्या नातेवाइकासारखं.

तिसऱ्यात कोकोपीट. दक्षिणेतून वीट होऊन आलेलं,
टबात टाकलं तसं फुगत गेलं, फुगतच गेलं.
तीनदा धुतलं तेव्हा मीटरवरचा खार उतरला.
हाताला चिकटत नाही, वास नाही, गाव नाही.

चौथ्यात केळीच्या खांबांचं खत, अजून कोमट.
हे जुम्माभाऊचं स्वतःचं, म्हणून त्याला नावं ठेवायची नाहीत.

खत भरपूर घाला, असं मला वाटायचं.
आईच ती, खाऊ दे.
पण गेल्या वर्षीचे शेंडे आठवतात:
लुसलुशीत, जाड, पाणचट,
तिसऱ्या दिवशी ट्रेमध्ये माना टाकलेले.
जरा तहानेवर ठेवलेल्या आईचं कलम
लवकर मूळ धरतं. हे खरं आहे,
आणि हे खरं आहे ते मला आवडत नाही.

शेवटी सहा घमेली कोकोपीट, तीन जळकं भाताचं तूस,
एक खत. हमीदाबाईनं फावड्यानं कालवलं,
मूठ दाबली, उघडली. पडलं सगळं.
"झालं," म्हणाली.

एकोणसत्तर कुंड्या भरल्या.
सत्तरावी, ती तांबूस, मी एकटीनं भरली,
सगळे जेवायला गेल्यावर. काळीत.

मार्चच्या आरंभी डीपी जळाली.
अकरा रात्री जाळीखाली खरा अंधार.
अकरा रात्रींनी आयांना कळलं
किती वाजलेत ते.
ज्वारीच्या दाण्याएवढ्या कळ्या, पानांच्या बगलेत, सगळीकडे.
हमीदाबाई आणि मी दोन दिवस खुडत होतो,
बोटं हिरवी, कडू; भाकरीलाही तोच वास.

तांबूस कुंडीशी आलो तेव्हा
ती पुढच्या ओळीत गेली. मुद्दाम गेली की काय,
विचारलं नाही.

आता रोज सकाळी कुंड्या उचलून बघते.
वजनावरून तहान कळते.
एकोणसत्तर हलक्या, एका हातात येतात,
पाणी मागतात, मी देते.
सत्तरावीला दोन्ही हात लागतात.
बाजूला एक भेग पडली आहे, बोट जाईल एवढी.
बोट घालून बघितलं.
आत अजून ओल आहे.
आज राहू दे.