आयत्या वेळचा विषय

सोमवार, संध्याकाळचे सात. ऑल्डर फॉल्स, मिनेसोटा.
नगरभवनाच्या तळघरात हीटर दोनदा खोकतो आणि बंद पडतो.
महापौर प्रोहास्का हातोडी शोधतात,
सापडत नाही, तेव्हा कॉफीच्या मगानं टेबल ठोकतात.
पाचपैकी चार सदस्य हजर. गणपूर्ती झाली.
मी लॉर्ना शेल्स्टाड, नगराची कारकून,
एकोणीस वर्षं याच वाक्यानं सुरुवात करते:
मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम केले.

विषय एक. बोलिंग क्लबचा बिअरचा परवाना. मंजूर.
विषय दोन. परसातल्या कोंबड्या, दुसरं वाचन.
सहा कोंबड्या चालतील, कोंबडा चालणार नाही.
आर्डिस वीम्स विचारतात,
पिल्लू असताना कोंबडा की कोंबडी, हे ठरवायचं कुणी?
सगळे नगराच्या वकिलाकडे बघतात. वकील छताकडे.
तहकूब.

विषय तीन. बर्फ ढकलणाऱ्या ट्रकचं पातं.
रस्ते खात्याचा मायलो उभा राहतो, टोपी हातात.
जुन्या पात्याला तीनदा वेल्डिंग केलं, म्हणतो,
चौथ्यांदा माझ्याच्यानं होणार नाही.
अकरा हजार चारशे डॉलर.
फेब्रुवारी अजून जायचाय,
आणि आमच्याकडचा फेब्रुवारी एप्रिलपर्यंत हलत नाही.
मंजूर, कुरकुरत.

मग आयत्या वेळचे विषय.
मागच्या रांगेतून हाल्डिस ब्रेकेन उठतात.
कोट काढलेला नाही. पर्समधून एक पिवळी पावती.
"ऑरिन तीन नंबरला आहे, अकरा वर्षं झाली.
चार नंबर माझा.
तो परत करायचाय."

दफनभूमी नगराची. गवत आम्ही कापतो,
नकाशा माझ्या कपाटात असतो.

"मुलगी ॲरिझोनात आहे. तिथं जमीन गोठत नाही.
इथं जानेवारीत गेलेल्या माणसाला
मे उजाडेपर्यंत शेडमध्ये थांबावं लागतं.
ऑरिन थांबला बिचारा.
मला रांगेत उभं राहायला कधीच जमलं नाही."

कुणीतरी हसतं आणि लगेच खोकल्यात लपवतं.

नियम असा: जागा परत घ्यायची ती मूळ किमतीला.
पावतीवर एकोणीसशे एकोणऐंशी, पंच्याहत्तर डॉलर.
आजचा भाव साडेसहाशे.
गस व्हान्झांट म्हणतात, हे काही बरोबर दिसत नाही,
आपण दुरुस्ती मांडू या का?
"नको," बाई म्हणतात, "पंच्याहत्तरच द्या.
जास्त घेतले तर त्याला वाटेल, नफ्यात विकला."

सूचक वीम्स. अनुमोदक व्हान्झांट.
महापौर मग उचलतात, आणि तसाच अलगद खाली ठेवतात.

"एक विचारू?" त्या अजून उभ्याच.
"चार नंबर आता कुणाला द्याल?"
जो विकत घेईल त्याला, मी सांगते.
कारकुनाकडे दुसरं उत्तर नसतं.
"जरा बोलका माणूस बघा.
चव्वेचाळीस वर्षं त्याला ऐकायची सवय लागलीय.
इतकी शांतता त्याला मानवायची नाही."

हीटर नेमका तेव्हा सुरू झाला.
मायलो काही न बोलता बाहेर गेला,
उतारावर मीठ टाकायला. त्याला ठराव लागला नाही.

इतिवृत्तात मी लिहिलं:
गट ब, ओळ सात, जागा चार, नगराने परत घेतली.
रुपये लिहितात तिथं डॉलर, अक्षरी पंच्याहत्तर फक्त...
नाही, हे चुकलं. आमच्या फॉर्मवर रुपये कुठले,
मी फक्त "रक्कम" एवढंच लिहिलं आणि दोनदा तपासलं.
सर्वानुमते. सभा आठ बावीसला संपली.

खुर्च्या मिटल्यावर नकाशा काढला.
चार नंबरवरचं नाव खोडरबरानं जाईना,
एकोणऐंशीची शाई ती.
एक रेघ मारली. खाली पेन्सिलीनं, बारीक अक्षरात:
बोलका हवा.

माझ्यानंतर जी कारकून येईल,
ती चष्मा पुसून विचारेल,
ठराव क्रमांक?