काळी चार, जरा उतरलेली

अबरिस्टविथच्या माझ्या दुकानात, टायरच्या वासात,
मंगळवारी सकाळी मेइरियन प्रोबर्ट आला
नि टोपी न काढताच म्हणाला,
कॅमेरा आला की ओरडेल असं काहीतरी दे.

लायसन्सवर नऊ पॉइंट. बारा झाले की गाडी दारात उभी.
बेचाळीस वर्षं पियानो जुळवत फिरला हा माणूस,
चॅपलांचे, शाळांचे,
बिअर पिऊन फुगलेला एका पबचा,
आणि बेचाळीस वर्षांत एक दंड नाही.
नऊच्या नऊ गेल्या हिवाळ्यापासूनचे.

मी नेहमीचं सुरू केलं.
हा पाच इंची, हा सात इंची,
नकाशे आयुष्यभर फुकट,
कुणाचं आयुष्य ते कंपनी सांगत नाही,
कॅमेऱ्यांची यादी मात्र दरवर्षी पैसे मागते,
फ्रान्सला न्याल तर ती बंद ठेवा, तिथे चालत नाही,
आणि काचेला चिकटणारा हा रबरी पेला
थंडीत सुटतो, आधी जरा ओला करायचा...
तो ऐकतच नव्हता.
"वाजवून दाखव."

पहिल्याचा इशारा ऐकून
दाढ ठणकल्यासारखा चेहरा केला त्यानं.
"काळी चार. पण उतरलेली.
हे मी रोज कानाशी घेऊन बसू?"
दुसरा चढा.
तिसरा दोन स्वरांत बोलायचा
आणि त्या दोघांचं आपसांत पटत नव्हतं.
चौथा म्हणजे नुसती शीळ, कुत्र्याला घातल्यासारखी.
मी म्हटलं, मेइरियन, हे दंड वाचवायला आहे,
मैफलीला नाही.

एलुनेद तोवर दाराशी, वायपरच्या पात्यांजवळ उभी होती.
नकाशा तिच्या मांडीवर असायचा, हे सगळ्या गावाला ठाऊक.
पाटी तिनं वाचायची, वेग तिनं सांगायचा.
"तीस," ती म्हणायची,
नि त्याचा पाय आपोआप वर यायचा.
आता तिच्या नजरेच्या मधोमध एक डाग आहे,
बशीएवढा.
कडेकडेचं दिसतं. कुंपण, मेंढ्या, त्याचा कान.
समोरची पाटी दिसत नाही.
आणि नेमके तेव्हाच तीसचे वीस झाले.

"आवाज बाईचा आहे का?" तिनं विचारलं.
आहे, म्हटलं. लावला.
यंत्र म्हणालं, मॅचिनलेथसाठी उजवीकडे वळा.
एलुनेद हसली, इतकी,
की पात्यांचा स्टँड धरावा लागला.
"माखंथ्लेथ," ती यंत्राला म्हणाली, सावकाश,
जिभेच्या कडेनं वारा सोडत, पोराला शिकवावं तसं.
यंत्रानं पुन्हा मॅचिनलेथच म्हटलं.

"हिला घेऊ या. ही चुकते.
म्हणजे मला काही काम राहील."

"पण ही तर पहिलीच. उतरलेली," मेइरियन कळवळला.
"उतरलेलीच बरी. मनात जुळवत बसशील,
निदान जागा तरी राहशील."

पैसे तिनं दिले,
नोटेच्या कोपऱ्यातले उंचवटे बोटानं चाचपून.
पेला ओला करायला विसरू नका, मी म्हटलं.
थुंकी चालेल का, त्यानं विचारलं.
चालते.

ते गेले, आणि माझं बिनसलं.
शेल्फवर चौदा यंत्रं मांडलेली,
गिऱ्हाईक आलं की एकेक वाजवतो,
पाच इंची, सात इंची, आयुष्यभराचे नकाशे,
आणि दर वेळी कुठेतरी केसभर खटकतं.
मला, ज्याला चॅपलमध्ये
नुसतं ओठ हलवायला सांगायचे.

काल रात्री घरी मायक्रोवेव्ह वाजला.
मी ताट आतच राहू दिलं
आणि अजून एकदा लावला,
अर्ध्या मिनिटाचा.